औषधापुरती ब्रँडी

मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' लोकांना आठवतो तो मीनाक्षीच्या पोहण्याच्या पोशाखामुळे. पुढच्याच वर्षी, १९३९ साली, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने काढलेल्या 'ब्रँडीची बाटली'चं नाव काढलं, की मंडळी गालात हसतात आणि विषय बदलतात. हा अन्याय आहे.

गोष्ट अत्र्यांची. नगरपालिकेतला बगाराम नावाचा भाबडा कारकून, दारूला कधी न शिवलेला, आवडत्या मुलीच्या भावासाठी औषध म्हणून ब्रँडी शोधत हिंडतो. त्याच साली मुंबईत दारूबंदी आली आणि तिकडे युरोपात महायुद्ध पेटलं. हिटलर पोलंडात घुसला, तेव्हा आमचा बगाराम एका बाटलीमागे! बगाराम झालेत दामूअण्णा मालवणकर. त्यांची ती तिरळी नजर एकाच वेळी आपल्यावर आणि आपल्या शेजाऱ्यावर असते, त्यामुळे दोघांनाही उगाच अपराधी वाटतं.

हा सिनेमा हातखंब्याच्या तिठ्यावर अधिक कळतो. मुंबई, गोवा, कोल्हापूर, रत्नागिरी, सगळीकडची वाहतूक इथे येऊन थबकते आणि माणसाला भरपूर वेळ मिळतो. बगाराम इथे उतरला असता, तर ब्रँडीची चौकशी राहिली बाजूला, आधी त्याचीच झाली असती. "कुठले तुम्ही? कोणाकडे आलात? आजारी कोण? सख्खा की चुलत?" उत्तरं देईपर्यंत पेशंट उठून कामाला लागला असता.

पुढे युद्धात कच्च्या फिल्मची टंचाई झाली आणि सरकारने सिनेमाची लांबी ११,००० फुटांवर आणली, म्हणजे जेमतेम दोन तास. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ तोवर 'लग्न पाहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) यांतून पडद्यावर येऊन गेले होते. चिमणराव पुन्हा दामूअण्णाच, गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. आमच्या पिढीला दूरदर्शनवरचे प्रभावळकर आणि बाळ कर्वे तेवढे ठाऊक. तेही झकासच, पण थोरल्या पातीची आठवण ठेवायला काय हरकत आहे?

परवा तिठ्यावर मोबाइलवर बगाराम लावून बसलो होतो. शेजारच्या आजोबांनी आधी तिरपं, मग सरळच डोकं घातलं. निम्म्यावर आले आणि त्यांची एस.टी. लागली. चढता चढता ओरडले, "शेवटी मिळाली काय हो त्याला?"

मी सांगितलं नाही. "घरी जाऊन बघा," म्हटलं. कंडक्टरने घंटी मारली आणि आजोबा खिडकीतून माझ्या नावाने काहीतरी बोलत पालीच्या दिशेने गेले.