रांगेतले साहेब

सूरजागडात रांग लागते ती ट्रकांची. लोहखनिजाचे ट्रक कोनसरीच्या वाटेला लागले, की एटापल्ली-आलापल्लीकडची माणसं ड्रायव्हरांच्या, रस्त्याच्या आणि सरकारच्या नावानं बोटं मोडतात. खूश दिसतात ते फक्त आमचे कोरियावाले साहेब. रांग आहे म्हणजे पुढे काहीतरी चांगलं मिळत असणार, अशी त्यांची श्रद्धा.

साहेब खाणीत मशिनरी बघतात. कुठल्याशा प्रशिक्षणाला दक्षिण कोरियाला जाऊन आले. मशीनचं काय शिकले हे कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. देजॉन शहरातल्या सोंगसिमदांग बेकरीची हकिगत मात्र हेडरीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. १९५६ साली चर्चनं दिलेल्या पिठाच्या दोन पोत्यांवर स्टेशनासमोर धंदा सुरू झाला. आज देशभर नाव आहे, तरी देजॉनबाहेर एकही शाखा नाही. मालकाला धंद्याची अक्कल नाही की नको तितकी आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

साहेबांना चव विचारा, ते रांग सांगतात. वळण कुठं होतं, पुढच्या बाईची छत्री कुठल्या रंगाची होती. आत गेलं की ट्रे आणि चिमटा घेऊन आपणच पाव उचलत फिरायचं आणि शेवटी गल्ल्यावर पैसे द्यायचे. ही शिस्त त्यांनी इथंही आणली. चहाच्या टपरीवर येताना खिशात चिमटा असतो. मामा मुकाट्यानं भज्यांची परात पुढे करतात. खारी, टोस्ट, नानकटाई अशा तीन बरण्या. साहेब त्यांना प्रदक्षिणा घालतात, एक खारी चिमट्यात धरून कानाशी नेतात, हलकेच दाबतात. पापुद्रे शर्टावर पडतात, त्यावर खाणीची लाल धूळ बसते. मग ते नानकटाई घेतात.

एकदा त्यांनी त्या बेकरीतल्या सोबोरोचं वर्णन केलं. पावाच्या आत लाल कडधान्याचं गोड सारण, वर लोणी, साखर नि मैद्याचा चुरा, आणि अख्खा गोळा तेलात तळलेला. १९८० पासून लोक त्यासाठी ताटकळतात.

मामा म्हणाले, "म्हणजे तळलेलं पुरणच ना जी?"

साहेब दुखावले. मामांनी मात्र मनावर घेतलं. मैद्याच्या पिठात हरभऱ्याच्या डाळीचं पुरण भरलं, वर चुरा थापला. पहिल्या घाण्यात चुरा कढईत सुटला आणि पुढची भजी गोड झाली. ती भजीही खपली. दुसरा घाणा मात्र जमला, आणि नेमकी शिफ्ट सुटली.

टपरीला गराडा पडला. साहेबांनी ओरडून ओरडून सगळ्यांना एकामागे एक उभं केलं. एक ड्रायव्हर कुरकुरला, "ट्रक लाइनीत सोडून आलो भाऊ, इथंही लाइनच काहून?" पण उभा राहिला. रांग लांब दिसावी म्हणून साहेब स्वतः शेवटी गेले.

त्यांचा नंबर आला तेव्हा परातीत चुरा उरला होता. मामा ओशाळले. "उद्या बाजूले काढून ठेवतो जी तुमच्यासाठी."

"खबरदार, ठेवलंत तर!" साहेबांनी तिथूनच चंद्रपूरला बायकोला फोन लावला. आनंदानं आवाज कापत होता. "अगं, संपलं! माझा नंबर आला आणि संपलं!"