काट्याला सगळं दिसतं

साखर कारखान्याचा हंगाम सुरू होताना पूजांची एक ठरलेली रांग असते. आधी बॉयलरचं अग्निप्रदीपन, मग काटापूजन, मग गव्हाणीत मोळी. अलीकडे या रांगेत एका नव्या देवतेची भर पडली आहे. तिचं नाव रिफ्लेक्टर. तिची पूजा सकाळी अकराच्या लख्ख उन्हात होते. धुऊनपुसून आणलेला ट्रॅक्टर, मागे रिकामी ट्रॉली, फाळक्यावर लाल पट्टी चिकटवणारा प्रमुख पाहुण्यांचा हात आणि त्या हाताला हात लावायला धडपडणारं संचालक मंडळ. फोटो निघतो, नारळ फुटतो आणि अपघात थांबले असं गृहीत धरून मंडळी जेवायला जातात.

पट्टीचा काही दोष नाही. रिकाम्या ट्रॉलीवर ती फार सुंदर चमकते. पण संध्याकाळी फडात ट्रॉली भरली की मोळ्यांची टोकं फाळक्यावरून मागे लोंबतात, पाचटाचा पडदा खाली येतो आणि पट्टी, नंबर प्लेट, असलाच तर दिवा, सगळं त्या पडद्याआड जातं. म्हणजे भरून कारखान्याकडे निघालेली ट्रॉली अदृश्य आणि रिकामी परतणारी सुरक्षित. ट्रॉली बांधतानाच मागे दिव्याची जागा उसाच्या बाहेर काढावी, हे कुणाला सुचत नाही असं मात्र नाही. त्याच जागेवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ हातभर अक्षरांत रंगवलेला असतो. तोही अंधारात दिसत नाही, हा भाग वेगळा.

पुढच्या बाजूचा कारभारही तोलामोलाचा. ट्रॅक्टरचा एक दिवा गेलेला, दुसरा थेट समोरच्याच्या डोळ्यांत. समोरून येणाऱ्याला वाटतं, मोटारसायकल आहे, जाऊ बाजूने. बाजूने दोन्हीकडे हात-हातभर बाहेर आलेला ऊस असतो, हे त्याला ऊस लागल्यावर कळतं. चालकाला हॉर्न ऐकू येत नाही, कारण डोक्यावरच्या भोंग्यांतून दोन गावं जागी होतील असं गाणं चालू असतं. एका जाणकाराचं म्हणणं असं की यात गैर काहीच नाही; ट्रॉली दिसत नसेल तर निदान ऐकू तरी आली पाहिजे.

एका ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या दोन, आणि त्यांना स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात. थांबायचं की नाही हे ट्रॅक्टरने ठरवायचं आणि मागच्या वजनाने त्यावर विचार करायचा. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात, तेव्हा दोन गडी बॉनेटवर बसवतात. रस्ता सुरक्षेत लोकसहभाग म्हणतात तो हाच असावा.

अमेरिकेत 1960च्या दशकात ओहायो राज्य विद्यापीठातल्या केन हार्कनेस नावाच्या कृषी अभियंत्याने सावकाश चालणाऱ्या शेतीवाहनांसाठी एक त्रिकोण तयार केला. मध्ये भडक नारिंगी, कडेला रात्री चमकणारी लाल किनार. लांबून दिसला की मागच्याने समजायचं, पुढे ट्रॅक्टर आहे, वेग कमी करा. आपल्याकडेही त्रिकोण आहे, नाही असं नाही. तो तीन दगडांचा आहे. ट्रॉलीचा आस तुटला की चालक शेजारच्या बांधावरून दगड आणतो, मागे मांडतो, त्यांत बाभळीची फांदी खोचतो आणि आस आणायला तालुक्याला जातो. दुसऱ्या दिवशी ट्रॉली जाते. दगड राहतात. ट्रॉलीतून वाचलेला दुचाकीवाला दगडांत सापडावा, इतकी ही योजना परिपूर्ण आहे.

आता थोडं गणित, कारण उपहासाने ब्रेक लागत नाहीत. ताशी 80 किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला 22 मीटर कापते. समोरून गाडी आली म्हणून तुम्ही डिपर केला, तर पुढचं जेमतेम पन्नास-साठ मीटर दिसतं. तिथे उभी ट्रॉली असेल तर तुमच्या हाती अडीच सेकंद. त्यातला दीड सेकंद ‘हे काळं काय आहे’ एवढं कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतो. उरलेल्या एका सेकंदात मोटार थांबवणारा चालक अजून जन्माला यायचा आहे. ट्रॉली चालती असली तर थोडा अवधी जास्त मिळतो, तेवढंच.

मोटारवाल्यांनी मान डोलवायचं कारण नाही. गावातल्या रस्त्याला महामार्ग समजून ऐंशीनं कोण जातं? ट्रॅक्टर मध्येच सावकाश झाला की तो आपल्याला वाट देतोय, असं समजून उजवीकडून घुसणारे आपणच. तो वाट देत नसतो, त्याला उजवीकडच्या शेतात वळायचं असतं. आणि त्याचा इंडिकेटर म्हणजे मडगार्डवर बसलेल्या पोराचा हात, जो दिवसा तंबाखू मळण्यात गुंतलेला असतो आणि रात्री दिसत नाही. शेताच्या वाटेशी सावकाश झालेला ट्रॅक्टर वळणारच, एवढं धरून चाललं तरी पुष्कळ जीव वाचतील.

अपघात झाल्यावर खरा खेळ सुरू होतो. हा ट्रॅक्टर कर भरताना शेतीचा असतो, भाडं घेताना धंद्याचा आणि विमा कंपनीच्या दारात कुणाचाच नसतो. कारखाना म्हणतो, वाहतूक ठेकेदाराची. ठेकेदार म्हणतो, ट्रॅक्टर मालकाचा. मालक म्हणतो, चालकाला डुलकी लागली. चालकाला डुलकी लागते, कारण त्याने कारखान्याच्या आवारात नंबर लावून अर्धा दिवस काढलेला असतो आणि पैसे खेपेवर, टनावर मिळत असल्याने रात्री पुन्हा फडावर पोचायचं असतं. उसावर बसून चाललेल्या तोडकऱ्यांना आणि त्यांच्या पोरांना तर कुणी काही विचारतच नाही. परिवहन खातं रस्ता सुरक्षा अभियान राबवतं, पण ते जानेवारीत. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. अंधारातले पहिले दोन महिने नशिबावर सोडलेले असतात. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली आणि अपघातांच्या प्रकारांत पहिला नंबर मागून बसलेल्या धडकेचा होता. नंबर लावायची आपल्याला सवय आहेच.

या सगळ्या अंधारात एक जागा मात्र झगमगीत आहे. कारखान्याचा काटा. ज्या ट्रॉलीचा मालक, विमा, दिवा, नंबर काहीच कुणाला सापडत नाही, ती काट्यावर आली की सगळं सापडतं. गाडी कोणाची, चालक कोण, ऊस कुठल्या गटातला, कुठल्या जातीचा, किती वाजता आला, भरलेलं वजन किती, रिकामं किती. पावतीवर किलोपर्यंतचा हिशेब असतो आणि त्या किलोसाठी काटामारीची आंदोलनं होतात. म्हणजे जादा भाराचा पुरावा रोज, दिवसरात्र, कारखान्याच्या स्वतःच्या संगणकात छापून पडतो आहे. 2019 साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. पाच टन जादा म्हणजे 30,000. हा दंड वसूल करायला आडवाटेला नाकाबंदी लावून बसायची गरज नाही, पावत्यांचा गठ्ठा उघडला तरी पुरे. पण तो गठ्ठा उघडायचा म्हणजे कारखाना, ठेकेदार, मालक, शेतकरी आणि मतदार यांना एकाच वेळी दुखवायचं. फांदी खोचणं त्यापेक्षा सोपं.

बरं, दंडही नको. प्रत्येक ट्रॉलीला हंगामभर एका दारातून जावंच लागतं आणि त्या दाराची किल्ली चेअरमन साहेबांच्या खिशात आहे. भिजलेला ऊस, जळका ऊस, पाचटाचा ऊस ते परत पाठवू शकतात, तेव्हा त्यांना कुणाची भीड वाटत नाही. मग उसाच्या बाहेर टांगलेला, जळणारा एक लाल दिवा आणि भरल्या ट्रॉलीवरही दिसणारी पट्टी एवढं तपासायला गेटवरचा एक वॉचमन आणि एक बॅटरी पुरते. चेअरमन साहेब, पट्टी चिकटवायला पाहुणे बोलवू नका. ज्या ट्रॉलीचा मागचा दिवा लागत नाही, तिचं वजन करू नका.