डाव्या सीटवरचा माणूस

मला गाडी चालवता येत नाही. घाटंजीत ही गोष्ट लपत नाही. इथे माणूस कुठे आहे हे त्याची गाडी कुठे उभी आहे त्यावरून कळतं आणि माझी गाडी कुठेच उभी नसते. मी दिसतो तो साळ्याच्या गाडीत, डाव्या सीटवर. मांडीवर आहेराच्या साड्यांची पिशवी, पायाशी पाण्याची कॅन, एका हातात साळ्याचा मोबाइल, दुसऱ्यात काच पुसायचं फडकं. रस्त्यात भेटणारे लोक साळ्याला नमस्कार करतात आणि मला विचारतात, "मागं जागा हाय का?"

डाव्या सीटवरच्या माणसाबद्दल समाजाचं मत बरं नाही. तो फुकट जातो, असं सरसकट धरलं जातं. खरं तर त्याला झोपता येत नाही, कारण शेजारचा झोपला की चालवणाऱ्यालाही पेंग येते, असं साळ्याचं शास्त्र आहे. हवं ते गाणं लावता येत नाही. समोरचा ट्रक चुकवला तर श्रेय उजवीकडे जातं आणि खड्डा चुकला नाही तर "तुमी पाहत काऊन नव्हते?" हा प्रश्न डावीकडे येतो.

म्हणून चिरंजीवांनी एका रात्री मोबाइलवर क्रोएशियातली डांबरी रस्त्यावरची रॅली दाखवली, तेव्हा मी गाडीकडे फारसं पाहिलंच नाही. मी पाहत होतो शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे. हेल्मेट घातलेला, पट्ट्यांनी करकचून बांधलेला, मांडीवर वही, आणि गाडी बेफाम सुटलेली असताना त्या वहीतून मान न काढता एका सुरात वाचत चाललेला. चालवणारा त्याचं ऐकत होता. उलट उत्तर न देता ऐकत होता! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

साळ्याला वेगळीच शंका. "शर्यत हाय म्हणता, मंग एकटीच गाडी काऊन पळून राहिली?"

त्याला समजावणं सोपं गेलं, कारण तो शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा माणूस. पटात जोडी किती सेकंदांत निघाली यावर निकाल लागतो, तसंच हेही. रस्त्याचा एकेक तुकडा वाहतुकीला बंद करतात, त्याला स्टेज म्हणतात. गाड्या एकामागोमाग सोडतात, प्रत्येकीची वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. असे वीसेक तुकडे, मिळून तीनेकशे किलोमीटर, तीन-चार दिवस. सगळी बेरीज करून ज्याची वेळ कमी तो जिंकला. साळ्याने मान डोलावली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली, या मधल्या काळात त्याचा जो वेग साठून राहिला होता, तो त्याने आमच्याच अंगावर काढला होता. त्यामुळे विषय त्याला आवडला. फक्त एकच गोष्ट त्याला पटेना. "पटात छकड्यावर एकच माणूस असते. हा दुसरा कायले पाहिजे?"

दुसरा कशाला पाहिजे! अरे, तोच तर रॅली आहे. रॅलीच्या आधी दोघांनाही प्रत्येक स्टेजवरून दोनदा, हळू वेगात गाडी नेऊ देतात. त्या दोन फेऱ्यांत चालवणारा बोलत जातो आणि शेजारचा लिहून घेतो. वळण डावं की उजवं, किती तीव्र, पुढे चढ की उतार, पूल अरुंद की रुंद. वळणांना आकडे असतात. बऱ्याच वह्यांत एक म्हणजे जवळजवळ उलटं फिरायचं वळण आणि सहा म्हणजे पाय न उचलता जायचं. मग खऱ्या शर्यतीत वळण दिसण्याआधीच कानावर पडतं. चालवणारा डोळ्यांना दिसणारा रस्ता चालवतच नाही, तो ऐकलेला रस्ता चालवतो. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून वाचणारा उजवीकडे बसतो एवढाच काय तो फरक. हुद्दा माझाच.

पुरावा म्हणून मी २०२२ सालची मॉन्टे कार्लो रॅली काढली. सेबास्तियाँ लोब, नऊ वेळा जगज्जेता, वय ४७, पूर्णवेळ मालिका केव्हाच सोडलेला. त्याच्या शेजारी इझाबेल गालमिश. या बाई पेशाने गणिताच्या शिक्षिका. दोघांनी मिळून ती रॅली जिंकली. जागतिक मालिकेत बाईने जिंकलेल्या गाडीत बसण्याची ही १९९७ नंतरची पहिलीच वेळ. आता आमच्या घरातही गणिताच्या बाई आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि त्या कायम मागच्या सीटवर बसतात. हे ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "पुढं बसायला मला वेळ नाही. वह्या तपासायच्या आहेत."

मी वही विकत आणली. शंभर पानी, पुठ्ठ्याची. यवतमाळ रोडपासून सुरुवात केली. साळा गाडी हळू चालवत बोलेल आणि मी लिहीन असं ठरलं होतं. साळा हळू चालवतच नाही, त्यामुळे मी जे लिहिलं ते मलाही वाचता येईना. तरी पुढच्या रविवारी यवतमाळला लग्न होतं, तेव्हा प्रयोग केला.

"डावं चार, पुढं पन्नास मीटर, उजवं पाच, गतिरोधक."

"कुठं हाय गतिरोधक?"

तो नव्हता. मागच्या आठवड्यात होता. कोणीतरी काढून टाकला होता आणि अर्धा किलोमीटर पुढे, वहीत नसलेला, नवा करकरीत घातला होता. आम्ही दोघंही छताला लागलो. मागून आवाज आला, "आता हे पण लिहा."

ही अडचण मॉन्टे कार्लोतही आहे, यामुळे मला धीर आला. तिथे सकाळी कोरडा असलेला घाट दुपारी बर्फाचा होतो, म्हणून स्टेज सुरू होण्याआधी एक वेगळी गाडी पुढे पाठवतात. त्यातली माणसं बर्फ कुठे आहे ते पाहतात आणि कळवतात, मग वहीत दुरुस्ती होते. तुरिनीच्या घाटात तर प्रेक्षकच मुद्दाम फावड्याने रस्त्यावर बर्फ टाकतात, गंमत पाहायला. माणूस सगळीकडे सारखाच. आम्ही चिरंजीवांना मोटरसायकलवर पुढे पाठवलं. त्यांचा फोन आला तो चहाच्या टपरीवरून. "बाबा, इथली भजी गरम आहेत." वहीत तशी नोंद केली. त्या दिवसातली तेवढीच नोंद तंतोतंत खरी निघाली.

डांबरी रॅलीतली एक खुबी मात्र आमच्या रस्त्याला नेमकी लागू पडते. वळण कापताना चाक डांबराच्या आतल्या कडेवरून जातं आणि तिथली माती-गिट्टी उचलून रस्त्यावर आणून टाकतं. पहिल्या गाड्यांना रस्ता स्वच्छ मिळतो, मागच्यांना चिखल. मातीच्या रॅलीत याच्या बरोबर उलटं, तिथे पहिली गाडी सैल माती झाडत जाते आणि मागचे मजा करतात. म्हणून डांबरावर पुढे असावं आणि मातीवर मागे. आमच्याकडे ही विद्या ट्रॅक्टरवाल्यांना पूर्वीपासून अवगत आहे. पावसाळ्यात वावरातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती डांबरावर झाडत आपल्या पुढे जातो आणि मग त्या मातीवर आपण जिकडे सरकू तो आपला मार्ग. वहीत यासाठी खूण असते, 'कापू नका'. मी ती मोठ्याने वाचली. साळ्याला वाटलं मी कापसाबद्दल बोलतोय. "यंदा भावच नाही भाऊजी," असं म्हणत त्याने वळण कापलं.

वेळेचा नियम ऐकून मात्र तो गंभीर झाला. रॅलीत स्टेजच्या आधी वेळेची चौकी असते, तिथे ठरल्या मिनिटालाच हजर व्हायचं. एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंदांचा दंड. आणि एक मिनिट लवकर पोचलात तर पूर्ण साठ सेकंदांचा. लवकर येणं हा उशिरा येण्याच्या सहापट गुन्हा! "बराबर हाय," साळा म्हणाला, "लग्नात पयले पोचलं का सतरंज्या आपल्यालेच घालाव्या लागते." म्हणून आम्ही यवतमाळच्या वेशीवर गाडी उभी करून मंगलाष्टकांचा अंदाज घेत थांबलो. अंदाज चुकला. पंगतीत बसलो तेव्हा मठ्ठा संपला होता. रॅलीच्या हिशेबाने हे तीस-चाळीस सेकंदांत भागलं असतं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचारात पाडलं ते दोन ओजिएंनी. पहिला सेबास्तियाँ ओजिए, हाही नऊ वेळचा जगज्जेता. २०२१ च्या क्रोएशिया रॅलीत शेवटच्या दिवशी सकाळी, स्टेजवर नव्हे, तर एका स्टेजकडून दुसरीकडे जाताना झाग्रेबच्या रोजच्या रहदारीत त्याच्या गाडीची दुसऱ्या मोटारीशी टक्कर झाली. दोन स्टेजमधलं अंतर बंद रस्त्यावरचं नसतं. तिथे सिग्नल पाळावा लागतो, वेग सांभाळावा लागतो, आणि वहीत काही लिहिलेलं नसतं. धक्का बसला तो शेजारच्या ज्युलियाँ इंग्रासियाच्या दाराला. (माझ्या अंगावर काटा आला तो इथे.) दंड झाला, दार कसंबसं चिकटवलं, आणि दिवसअखेर ही जोडी ०.६ सेकंदाने जिंकली.

दुसरा जाँ-क्लोद ओजिए, पहिल्यापेक्षा बराच जुना. १९६८ साली लंडनहून सिडनीपर्यंत मोटारींची मॅरेथॉन निघाली होती. ९८ गाड्या २४ नोव्हेंबरला लंडनहून सुटल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत दिल्लीला आल्या आणि तिथून आग्रा रोडने मुंबईला. मुंबईला पोचलेल्या ७२ गाड्या 'चुसान' नावाच्या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. तिथे अगदी शेवटच्या दिवशी लुसियाँ बियांकीची सित्रोएन पहिली होती. त्या वेळी स्टिअरिंगवर जाँ-क्लोद ओजिए होता आणि बियांकी शेजारच्या सीटवर. समोरून एक साधी मिनी आली आणि धडकली. पाय जायबंदी झाले ते बियांकीचे. जिंकला अँड्र्यू कोवन, हिलमन हंटर नावाच्या, आपल्याकडे कोणी हुंड्यातही मागणार नाही अशा गाडीत. दहा हजार मैल डोंगर-वाळवंटं पार करून माणूस शेवटी समोरून येणाऱ्या साध्या गाडीपाशी अडतो, आणि लागतं ते शेजारच्याला. साळ्याला मी हे दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मंग तुमी मागं बसत जा."

एक सल मात्र राहते. त्या ७२ गाड्या महाराष्ट्रातून गेल्या त्या आग्रा रोडने, धुळे-नाशिककडून. राष्ट्रीय मालिकेतल्या रॅल्या झाल्या त्या नाशिकला. जागतिक मालिकेच्या फेऱ्यांत उतरलेले आणि २०२५ साली डकार क्लासिकला गेलेले संजय टकले पुण्याचे. विदर्भाचा अनुशेष इथेही आहेच. काश्मीर ते कन्याकुमारी जाणारा मोठा रस्तासुद्धा पांढरकवड्याहून निघून जातो, घाटंजीकडे मान वळवत नाही.

आमच्या बाजूचा म्हणावा असा लांब पल्ल्याचा एकच गडी झाला, आणि तो वाघ होता. टिपेश्वरचं अभयारण्य आमच्या आणि पांढरकवड्याच्या तालुक्यांत आहे. तिथला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला, २०१९ च्या पावसाळ्यात निघाला तो तेलंगणा, मराठवाडा, विदर्भ असा फिरत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. १३०० किलोमीटर. पुढेही चालतच राहिला, एकूण तीनेक हजार भरले. लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं. शेतं, नाले, हायवे, सगळं ओलांडलं. वही नाही, पुढे पाठवलेली गाडी नाही, शेजारी कोणी नाही. मागच्या सीटवरही कोणी नाही, हे त्याच्या यशाचं कारण असावं, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही.

कारण त्याच वेळी आम्ही पांढरकवड्याला निघालो होतो, बरेच पुढे आलो होतो, आणि मी चांगला सूर पकडला होता. "उजवं पाच, नाला, डावं तीन, कापू नका, मेंढरं." मेंढरं खरंच होती! साळ्याने माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. तेवढ्यात मागून गणिताच्या बाई म्हणाल्या, "टाकीची मोटर बंद केली होती का कोणी?"

गाडीत शांतता पसरली. घाटंजीत नळाला पाणी येणं हीच एक घटना, त्यात टाकी शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या डाळीवर वाहणं म्हणजे पुढची दोन वर्षं बोलणं बंद. साळ्याने मेंढरांच्या मागे जागा पाहून गाडी फिरवली.

"वाचा भाऊजी, लवकर!"

मी वही उलटी धरली, मग सुलटी धरली. पण रॅलीच्या नोंदी एकाच दिशेच्या असतात. परतीच्या वाटेवर डावं उजवं होतं, चढाचा उतार होतो, आणि मघाशी समोरच्याच्या बाजूला असलेले सगळे खड्डे आपल्या बाजूला येतात. मी कोरं पान उघडलं आणि पेन काढलं. पहिली नोंद बाईंनीच मागून सांगितली, "मेंढरं, पुन्हा."