रा. रा. पीसीसी यांस अनावृत पत्र

रा. रा. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट ऊर्फ पीसीसी यांस,
बमरोली, सुरत येथून एका मुलीच्या बापाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्रास कारण की, आपण गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा आमच्या घरी आलात. पहिल्या खेपेस आलात तेव्हा मुलीच्या आईने गल्लीत पेढे वाटले होते. या खेपेस आपल्याला प्लास्टिकच्या फायलीत घालून कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. पाहुणा तोच, मान कमी झाला, याबद्दल आधी क्षमा मागतो. पण मनात साठलेलं बोलून टाकल्याशिवाय मला झोप यायची नाही, आणि भिंतीपलीकडे लूमचे संचे रात्रभर खडखडत असल्यामुळे ती तशीही कमीच येते.

आपली कीर्ती मी फार ऐकून होतो. आमच्या लेकीचं लग्न अमेरिकेतल्या मुलाशी ठरलं तेव्हा जो भेटेल तो म्हणायचा, ‘बाकी सगळं होईल, पीसीसी तेवढा व्यवस्थित काढा.’ मी समजलो, आपण म्हणजे चारित्र्याचा सर्वोच्च दाखला. मग आपण आलात आणि मी चष्मा लावून आपल्याला वाचलं. आपलं म्हणणं एवढंच की, या बाईविरुद्ध प्रवासाला किंवा व्हिसाला आड येईल अशी प्रतिकूल माहिती आढळलेली नाही. बस. ती चांगली आहे असं आपण कुठेच म्हणत नाही. वाईट काही हाती लागलं नाही, एवढं कबूल करता.

साहेब, यापेक्षा तिच्या शाळेने जास्त उदारपणा दाखवला होता. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्याही शाळा चालवते. त्यातल्या मराठी शाळेत ती शिकली. तिच्या दाखल्यावर गुरुजींनी लिहिलंय, ‘वर्तणूक : चांगली’. छातीठोकपणे दोन शब्द. त्या गुरुजींनी तिला सात वर्षं पाहिलं होतं. आपण पाहिला तो संगणक.

आता आपल्या आगमनाची कथा. आपली फी पाचशे रुपये. ती आम्ही भरली, वेळ घेतली, पासपोर्ट सेवा केंद्रात टोकन घेऊन बसलो. सप्टेंबर २०२२ पासून आपण पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही मिळू लागलात, हे ऐकून बरं वाटलं. खरी गंमत नावाची. आम्ही खानदेशातले. ताप्ती लाईनवरच्या पॅसेंजरने, एक ट्रंक आणि एक पत्ता घेऊन सुरतेला आलेली पिढी आमची. महाराष्ट्रात मुलीचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. लग्नानंतर बापाच्या जागी नवरा. गुजरातेत कारकुनाला नुसतं नाव लिहिणं उद्धटपणाचं वाटतं. त्यामुळे माझ्या नावाला कुठे ‘भाई’ चिकटलाय, कुठे नाही. लेकीच्या जन्मदाखल्यावर ‘बेन’ आहे, पासपोर्टवर नाही. पोलिसांच्या कागदात माझं नाव ‘भाई’ लावून जाणार म्हटल्यावर मला धडकीच भरली होती. मुंबईच्या व्हिसावाल्या साहेबाने या शब्दाचा मुंबईतला अर्थ घेतला म्हणजे? शेवटी बेन असलेली आणि बेन नसलेली मुलगी एकच आहे, असं स्टॅम्पपेपरवर मी शपथेवर सांगितलं. जन्म दिला तेव्हा शपथ लागली नव्हती.

मग पडताळणी. गोष्ट २०२३ ची. दुपारी दोन वाजता एक पोलीसदादा दारात. संच्यांच्या आवाजात त्यांनी प्रश्न ओरडून विचारला, आम्ही उत्तर ओरडून दिलं, त्यामुळे सगळ्या गल्लीला कळलं की आमच्या घरी पोलीस आलेत आणि भांडण चाललंय. समोरच्या आजी लुगडं सावरत धावत आल्या, ‘पोलीस कसाले उनात रे भाऊ?’ त्यांना समजावायला अर्धा तास गेला. मुलगी सासरी जायची म्हणून पोलीस येतात, हे त्यांना आजही पटलेलं नाही. त्यांच्या अनुभवात पोलीस आले ते मुलगी सासरहून परत आल्यावर.

शेजारचे साक्षीदार लागतील, असं पोलीसदादा म्हणाले. भिंतीला भिंत लागून राहणारा उडिया कारागीर पुढे झाला. गंजाम जिल्ह्यातला माणूस, बारा तासांची रात्रपाळी करून नुकताच झोपला होता, लेकीच्या नावाने उठला. चार वर्षांची होती तेव्हापासून तो तिला ओळखतो. तिला तापात रिक्षात घालून दवाखान्यात नेलेलं आहे त्याने. पण त्याच्या आधारकार्डावर पत्ता गंजामचा. बाद. दुसरा जौनपूरचा, खोली भाड्याची, करार तोंडी. तोही बाद. अखेर साक्ष कोणाची चालली? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची. तो आठ महिन्यांपूर्वी राहायला आला होता, पण त्याच्या नावावर वेराबिल, म्हणजे घरपट्टीचं बिल, होतं. ‘मुलगी कशी आहे?’ त्याने मला विचारलं, ‘कोणती मुलगी?’ मी दाखवली. त्याने सही केली.

साहेब, मी तक्रार करत नाही. पोलीसदादा भला माणूस होता, नियम पाळत होता. उलट कबुली द्यायचीय ती मलाच. शहाण्या लोकांनी सांगितलं होतं, ‘चहापाण्याचं खिशात ठेव.’ मी एक पाचशेची नोट चौकोनी घडी घालून ठेवली होती. त्यांनी एक ग्लास पाणी घेतलं, माझी सही घेतली आणि गेले. नोट खिशातच. रात्रभर मला घोर लागला की आता काम होणार नाही. काम झालं. तेव्हापासून मुलीच्या नव्हे, स्वतःच्याच चारित्र्याबद्दल मी थोडा साशंक आहे.

तर असे आपण आलात, अमेरिकेच्या व्हिसा केंद्राला आपली प्रत गेली आणि आम्ही वाट पाहू लागलो. जावई ग्रीनकार्डवाला, अजून नागरिक नाही. नागरिकाच्या बायकोला रांग नाही. ग्रीनकार्डवाल्याच्या बायकोला आहे, कारण त्या वर्गाला दरवर्षी ठरावीकच व्हिसे. एप्रिल २०२३ मध्ये त्या रांगेची तारीख मागे सरकली. नवऱ्याकडे जायची तारीख पुढे सरकायच्या ऐवजी मागे जाते, हे मी मुलीच्या आईला कसं समजावलं ते माझं मला ठाऊक. तोवर आपली दोन वर्षं भरली. अमेरिकेच्या हिशेबाने, राहत्या देशातला पीसीसी दोन वर्षांनी शिळा. म्हणजे तिचं चारित्र्य भाकरीसारखं. झाकून ठेवलं तरी कडक होणारच. पुन्हा अर्ज, पुन्हा पाचशे. त्या दोन वर्षांत मुलीने काय केलं? बी.एड. केलं आणि वाट पाहिली.

इथपर्यंत आपलं-आमचं ठीक होतं. पण दुसऱ्या खेपेस आपल्याला कपाटात ठेवताना माझ्या लक्षात आलं की आपण एकटेच आहात. नवरा-बायकोचा व्हिसा, लग्नाचा दाखला दोघांच्या नावाचा, फोटो दोघांचे आणि पोलिसांचा दाखला मात्र एकट्या बायकोचा. आपला जोडीदार कुठाय?

मी सायबर कॅफेतल्या पोराला घेऊन नियम वाचून काढले. सोळा वर्षांपुढच्या प्रत्येक अर्जदाराला आपण लागता. स्वतःच्या देशात सहा महिन्यांहून जास्त राहिला असेल तर तिथला, दुसऱ्या देशात वर्षभर राहिला असेल तर तिथलाही, आणि कुठे अटक झाली असेल तर मुक्काम कितीही दिवसांचा असो. कॅनडा मागच्या दहा वर्षांतले सहा-सहा महिन्यांचे मुक्कामही विचारतो. सगळं रास्त. पण हे सगळं येणाऱ्याला. बोलावणाऱ्या नवऱ्याला सांगतात ते उत्पन्न दाखवायला : तिकडच्या गरिबीरेषेच्या सव्वापट. त्याची तपासणी ते सरकार आपल्या पद्धतीने करतंच. पण तिचा निकाल सासऱ्याला दाखवायची रीत नाही. नियम बाई-बुवा बघत नाही, हेही खरं. जो तिकडे तो बोलावणारा, जो इकडे तो झडती देणारा. आमच्याकडे तिकडे बहुतेक मुलगा असतो आणि इकडे मुलगी, एवढाच काय तो योगायोग.

त्यातली मेख ऐका. अमेरिकेत २००५ चा एक कायदा आहे. होणाऱ्या बायकोला वाग्दत्त वधू म्हणून बोलावणाऱ्याने आपले काही ठरावीक गुन्हे अर्जात लिहायचे आणि सरकारने ते त्या मुलीला कळवायचे. ही कळवण्याची सोय आमच्या लेकीसारख्या, लग्न लावून मग ग्रीनकार्डावर जाणाऱ्या बायकोला नाही. म्हणजे साखरपुडा झालेलीला सांगतील, सप्तपदी झालेलीला नाही. सात पावलं चालल्यावर विचारायचं कशाला, असा हिशेब असावा.

पण साहेब, त्या सरकारला बोल लावण्याआधी मी स्वतःचीच झडती घेतली. स्थळ आलं तेव्हा मी काय विचारलं? पगार किती. घर भाड्याचं की स्वतःचं. मंगळ आहे का. घेतो का, ही चौकशी मामाने मामाच्या मित्राकडे केली. मुलगा सज्जन असल्याचा दाखला दिला त्याच्या मावशीने, आणि तिने त्याला अकरा वर्षांत पाहिलेलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मी हसलो होतो. मावशी आणि किराणावाला यांत फरक काय? त्याच्याकडे निदान वेराबिल होतं.

मी तीस वर्षं लूमच्या खात्यात मास्टर आहे. ग्रे कापडाचा ताका टेबलावर पसरला की आम्ही उभा धागा पाहतो आणि आडवाही. आमच्या भाषेत ताणा आणि बाणा. नुसता ताणा पाहून ताका पास करणाऱ्या मास्टरला शेठ दुसऱ्या दिवशी घरी बसवतो. अशा या मास्टरने, म्हणजे मी, लेकीचं लग्न एकच धागा तपासून लावलं.

जावई माझा खरोखर सज्जन निघाला. पण तो तसा निघाला हे माझं नशीब; माझी चौकशी नव्हे. ज्यांचं नशीब फुटलं त्यांच्यासाठी राष्ट्रीय महिला आयोगाला २००९ पासून अनिवासी भारतीयांच्या लग्नांचा वेगळा कक्ष चालवावा लागतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं : अशा लग्नाची तीस दिवसांत नोंदणी करा, नाहीतर पासपोर्ट जप्त. ते समितीकडे गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८७ वा अहवाल दिला, त्यातही नोंदणी सक्तीची करा असंच सांगितलं. गुजरातेत लग्ननोंदणीचा कायदा २००६ पासून आहेच आणि आम्ही नोंदणी केलीही. पण नोंदणी सांगते की लग्न झालं. कोणाशी झालं, हे बापानेच आधी विचारायचं असतं.

म्हणून ही बातमी. धाकट्या भावाच्या मुलीला तिकडचंच स्थळ आलंय. मुलाकडच्यांनी पत्रिका मागितली, बायोडेटा मागितला, तीन फोटो मागितले; एक साडीतला, एक ड्रेसमधला, एक हसरा. सगळं दिलं. या खेपेस मीही एक कागद मागितला. तिथल्या एफबीआयकडून आपली स्वतःची नोंद मागवता येते. बोटांचे ठसे द्यायचे, फी अठरा डॉलर. ती ज्याची त्यालाच मिळते, सासऱ्याला नाही, म्हणून मुलालाच विचारायला हवं. आधीचं लग्न, कर्ज, स्वभाव यांतलं त्यात काही कळत नाही, हे मला माहीत आहे. ते विचारण्याची जागा वेगळी. फक्त पोलिसांच्या वहीत काय आहे ते कळतं. म्हणजे आपण आमच्या मुलींबद्दल जेवढं सांगता, तेवढंच.

मुलाच्या आईला ते लागलं. ‘संशय घेता का?’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘ताई, आमच्या लेकीच्या नावाने दोनदा पोलिसांचा कागद निघाला, तो संशय नव्हता, ती पद्धत होती. ही पण पद्धतच.’ मुलगा मागून फोनवर म्हणाला, ‘काका, पाठवतो.’ त्या दोन शब्दांनी तो मला त्याच्या बायोडेटापेक्षा जास्त आवडला.

तर पीसीसीसाहेब, लेकीची मुलाखत ठरली की आपल्याला मुंबईला घेऊन जाऊच. तिथे आपण नेहमीसारखे एकटेच खिडकीवर जाल. पण यापुढे आमच्या घराण्यात तरी एकट्याने यायचं नाही. स्थळ पाहतानाच जोडीने या, मग पाट मांडू, पेढेही वाटू.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक मुलीचा बाप
बमरोली, सुरत

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्या बापांसाठी. अमेरिकेतल्या मुलाकडे पत्रिकेबरोबर हाही कागद मागा. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तिथल्या आपल्या दूतावासातून पीसीसीही निघतो. मागताना जीभ अडखळते, माझीही अडखळली. पण जो खर्च आहे तो अठरा डॉलरचा, आणि तो मुलाकडचे करतात.