नाशिककराने हिरा कसा घ्यावा : इयत्ता पहिली

हे मार्गदर्शन फक्त नवशिक्यांसाठी आहे. ज्यांच्या कपाटात आधीच हिरा आहे त्यांनी पुढे वाचू नये. झालेल्या लग्नाची पत्रिका पुन्हा जुळवून बघू नये, तसेच हे.

पात्रता एकच : लासलगावला आज कांदा काय निघाला हे विचारायची सवय. ती सवय असेल तर पहिला धडा म्हणजे ती विसरणे. लासलगावात लिलाव होतो आणि संध्याकाळपर्यंत किमान, कमाल, सरासरी असे तीन आकडे जिल्हाभर होतात. सोन्याचेही तसेच. सराफ बाजारातल्या कुठल्याही पेढीवर आजचा भाव लिहिलेला असतो, आणि चार दुकाने फिरलात तरी तो फारसा हलत नाही. हिऱ्याला असा फळा नाही. व्यापाऱ्यांपुढे न्यूयॉर्कहून दर आठवड्याला निघणारी रॅपापोर्टची यादी असते, १९७८ पासून. गंमत अशी की त्या यादीतला भावही सहसा कोणी देत नाही. सौदा होतो तो 'रॅपच्या इतके टक्के खाली' असा. म्हणजे छापून येणारा भावसुद्धा घासाघीस सुरू करण्यापुरताच. भद्रकालीच्या भाजीबाजारात याला यादी म्हणत नाहीत, एवढाच फरक.

पायरी पहिली : चार गोष्टी पाठ करा

वजन, रंग, शुद्धता, पैलू. काउंटरवर यांना 'फोर सी' म्हणतात आणि म्हणताना चार बोटे दाखवतात. रंग 'डी'पासून सुरू होतो (ए, बी, सी कुठे गेले असे विचारून आपला वर्ग उघड करू नये) आणि झेडपर्यंत पिवळटत जातो. शुद्धतेत व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशा श्रेण्या असतात, त्याही दहापट भिंगाखाली ठरवलेल्या. आपल्याकडच्या बागाईतदाराला हे नवीन नाही. तो द्राक्षाचा मणी मिलिमीटरमध्ये मोजतो आणि एका डागाने माल निर्यातीतून लोकलमध्ये जाताना रोज बघतो. फरक असा की द्राक्षावरचा डाग तुम्हालाही दिसतो. एकमेकींशेजारच्या दोन श्रेण्यांतला फरक अंगठीत बसवल्यावर तुम्हाला, मला आणि व्याह्यांना दिसत नाही. पैसे मात्र मोजावे लागतात.

जुने जवाहिरे रंग आणि शुद्धता मिळून एकच शब्द वापरत : पाणी. हिऱ्याला पाणी किती, हे बघत. नाशिककराचे पाणी ओळखायचे शिक्षण गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे झालेले. पुराचे पाणी त्याच्या कमरेपर्यंत आले की सराफ बाजारात माल वरच्या मजल्यावर चढवायचा, एवढेच त्याला कळते.

पायरी दुसरी : कॅरट दोन असतात

सोन्याचा कॅरट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरट वजन. '१८ कॅरटमध्ये अर्धा कॅरट' हे वाक्य ऐकून घाबरू नका. हिऱ्याचा एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे शंभर सेंट. तीस सेंटचा गोल हिरा सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे ज्वारीचा टपोरा दाणा. हे लक्षात असू द्या, चौथ्या पायरीला लागेल.

आणि एक. भाव वजनाच्या प्रमाणात सरळ चढत नाही, जिन्यासारखा चढतो. एक कॅरट भरला की प्रत्येक कॅरटमागचा दरच उडी मारतो. नव्वद सेंटचा हिरा व्यासाला जेमतेम पाव-एक मिलिमीटर कमी, पण 'एक कॅरट' म्हणण्याचा मान त्याला नाही. त्या मानाचेच पैसे असतात. तसेच पंचवीस बारीक हिऱ्यांचा मिळून अर्धा कॅरट आणि एकच दाणा अर्ध्या कॅरटचा, या दोन वेगळ्या किमती आहेत. पहिली दाखवून दुसरीची आठवण करून देणारे विक्रेते हुशार असतात.

पायरी तिसरी : दुकानात जा

कॉलेज रोडला जा, नाहीतर कॅनडा कॉर्नरला. आत गेल्यावर थंड पाणी येते, मग कॉफी, मग मखमली ट्रे. वरचे दिवे असे लावलेले असतात की ट्रेमध्ये स्टीलची चमचीही चमकावी. दागिना हातात घेऊन दाराबाहेरच्या उन्हात दोन पावले जायची परवानगी मागा. मिळणार नाही, निदान खिडकीशी तरी जाऊ देतील.

आता 'काका, घडणावळीवर फ्लॅट ५० टक्के ऑफ आहे' हे वाक्य येईल. इथे पेन काढा. समजा सोने ३०,००० रुपयांचे, हिरा ४५,००० चा, घडणावळ ९,०००. एकूण ८४,०००. घडणावळीत निम्मी सूट म्हणजे ४,५०० गेले. म्हणजे तुम्हाला मिळाली साडेपाच टक्केही नाही. उरलेल्या ७९,५०० वर ३ टक्के जीएसटी, झाले ८१,८८५. सोने, हिरा, घडणावळ या तीन आकड्यांपैकी सोन्याचा तुम्ही मोबाइलवर तपासू शकता. घडणावळीचा शेजारच्या दुकानात विचारू शकता. ४५,००० चा कुठे विचाराल? म्हणूनच सूट सहसा सोन्यावर दिसत नाही; मोठ्या मनाने कमी करायला घडणावळ आहे आणि वर-खाली करायला हिरा.

बिलात एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगळे लिहून घ्या. चार ग्रॅमच्या अंगठीत अर्धा कॅरट हिरे असतील तर ०.१ ग्रॅम वजन त्यांचे. ते वजा केले नाही तर त्याच हिऱ्यांचे पैसे तुम्ही एकदा हिरा म्हणून आणि एकदा सोने म्हणून देता. आमच्या बाबतीत हे झाले होते. मी दाखवल्यावर पेढीवरच्या माणसाने 'अरे हो की' म्हणत इतक्या सहजपणे दुरुस्ती केली की त्याचा हात त्या दुरुस्तीला चांगलाच सरावलेला असावा.

दुकानदारावर सरसकट डाफरू नका, हेही सांगितले पाहिजे. जागेचे भाडे, एसी, सहा माणसांचा पगार, सुरक्षारक्षक आणि वर्षभर ट्रेमध्ये अडकून पडलेला माल, हे सगळे त्या ४५,००० मध्येच आहे. तुमची कॉफीसुद्धा.

पायरी चौथी : मोबाइल उघडा

ऑनलाइन हिरा स्वस्त का दिसतो? कारण बऱ्याचदा तो त्या संकेतस्थळाकडे नसतोच. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात. तिथला व्यापारी आपला माल यादीत टाकतो, तीच यादी चार ठिकाणी झळकते, आणि तुम्ही पैसे भरल्यावर दगड निघतो. भांडवल अडकत नाही, म्हणून नफा कमी धरून चालतो. याचा फायदा घ्या : प्रमाणपत्राचा क्रमांक उचला आणि तोच क्रमांक दुसरीकडे शोधा. एकच दगड दोन किमतींना भेटला, तर दोन आकड्यांमधला फरक दगडाचा नाही, दुकानाचा. कॉलेज रोडवर हे शिक्षण कॉफीबरोबर मिळत नाही.

तोटे? व्हिडिओत हिरा टोमॅटोएवढा दिसतो. आमच्या घरी इंदिरानगरला पार्सल आले, ओटीपी सांगितला, सात वेष्टने सोलली, आणि सौ. म्हणाल्या, 'अहो, ही ज्वारी कोणी पाठवली?' चूक पाठवणाऱ्याची नव्हती. मिलिमीटर तिथेच लिहिलेले होते, मी व्हिडिओ बघत होतो. परत करण्याची मुदत किती दिवस, ते दिवस कधीपासून मोजतात आणि परतीच्या कुरिअरचा विमा कोणाचा, हे तीन प्रश्न आधी वाचा. पार्सल फोडताना मोबाइलवर चित्रण करा, घरचे हसले तरी.

पायरी पाचवी : 'खरा आहे ना?' असे विचारू नका

कारण उत्तर 'हो' असेच येईल आणि ते खरेही असेल. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हाही रासायनिकदृष्ट्या हिराच. उष्णतेवर चालणारे पेन टेकवले तर खाणीतल्याइतक्याच ठामपणे तो पास होतो. मॉयसनाइट तर हिरा नसूनही होतो. तेव्हा प्रश्न असा विचारा : 'खाणीतला की लॅबमधला, आणि बिलावर तसे लिहाल का?' लॅबच्या हिऱ्याच्या किमती गेल्या काही वर्षांत कोसळल्या. खाणीतले हिरे विकणाऱ्या खुद्द डी बिअर्सने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने तो ८०० डॉलर कॅरटने विकायला काढला होता. २०२५ मध्ये ते दुकान बंद करत असल्याचे जाहीर केले. हौसेला घ्या, छान दिसतो. 'पुढे मुलीच्या लग्नात मोडू' या हिशेबाने घेऊ नका.

पायरी सहावी : उलटा भाव विचारा

दुकान असो की मोबाइल, 'केवढ्याला देता' याच्याआधी विचारा, 'हाच उद्या आणला तर केवढ्याला घ्याल? रोख की बदली? सोन्याचे किती, हिऱ्याचे किती?' समोरच्याच्या चेहऱ्यावरचे पाणी बघा. तुमच्या इयत्तेत पाणी ओळखायची एवढीच परीक्षा आहे. विकतानाचा भाव आणि परत घेतानाचा भाव, या दोघांमधले अंतर म्हणजे त्या दगडावरचा चढ. कोणतीही श्रेणी पाठ न करता तो कळतो.

आपल्या जिल्ह्याला या चढाचा जुना अनुभव आहे. त्र्यंबकेश्वराचा हिरा, ज्याला जग 'नासाक' म्हणते, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती लागला. खरेदी किंमत शून्य. लंडनच्या रंडेल अँड ब्रिजने तो घेतला तेव्हा नव्वदेक कॅरट होता. त्यांनी नव्याने पैलू पाडून अठ्ठ्याहत्तरवर आणला. १८३७ मध्ये तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरकडे गेला. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो आणखी कापून ४३.३८ कॅरट केला, आणि १९७० मध्ये तो लिलावात पाच लाख डॉलरला गेला. दगड निम्म्याहून कमी झाला तरी भाव वाढलाच. चढ कशाला म्हणतात ते त्र्यंबकला जाऊन सांगायची गरज नाही.

देवाकडे बिल नव्हते. तुमच्याकडे असेल, पण ते बहुधा गुळगुळीत थर्मल कागदावर असेल आणि त्यावरची अक्षरे वर्ष-दोन वर्षांत उडतात. परत घेताना दुकान मूळ बिल आणि प्रमाणपत्र मागते. तेव्हा दागिना लॉकरमध्ये ठेवण्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानातून बिलाची झेरॉक्स काढून घ्या.