नानांचं मासे-खातं

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत बजेट न कोलमडणारे गृहस्थ एकच, नाना. निवृत्तीनंतर त्यांनी घरात समुद्र आणायचं ठरवलं, तेव्हा डायरीत नवं पान उघडून वर 'मासे' असं लिहिलं आणि खाली मर्यादा घातली: रुपये पंधरा हजार फक्त. 'फक्त' खाली दोन रेघा.

गप्पी, गोल्डफिश असली गोड्या पाण्यातली जनता त्यांना नको होती. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून पाहिलेले खाऱ्या पाण्यातले मासेच हवे होते, त्यातही नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश.

"समुद्र फुकट आहे, मीठ डब्यात आहे. खर्च आहे कुठे?" नाना म्हणाले. क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानदाराने दोन्ही मुद्दे खोडून काढले. किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ, त्यात गटारं. घरचं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड आणि वर आयोडीन. माशांना मॅग्नेशियम, कॅल्शियम, सगळं लागतं. त्यासाठी वेगळं मीठ, लिटरला 35 ग्रॅम. म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. नानांनी लगेच वीस लिटरची टाकी मागितली. दुकानदार म्हणाला, पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं, नवशिक्याने मोठीच घ्यावी. हे तत्त्व नानांना अजून पटलेलं नाही. घेतली मात्र शंभराचीच. पाणी, दगड, काच मिळून भार सव्वाशे किलोच्या पुढे, म्हणून लोखंडी स्टँड आला. तो डायरीत 'फर्निचर' खाली गेला.

इथून नानांची खरी प्रतिभा सुरू झाली. नळाचं पाणी चालत नाही म्हणून आरओचं यंत्र बसलं: 'पिण्याच्या पाण्याची सोय'. वीज गेली की पंप थांबतो आणि मासे गुदमरतात म्हणून इन्व्हर्टर: 'नातवाचा अभ्यास'. (नातू पुण्यात असतो.) पाणी तपासायच्या थेंबांच्या बाटल्या: 'औषधपाणी'. मालवणच्या मित्राकडून किनाऱ्यावरचे प्रवाळाचे दगड फुकट मागवायचा बेत होता. पण वन्यजीव कायद्यात प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे असं मुलाने फोनवर सांगितलं, तेव्हा दुकानातले कोरडे दगड विकत आले. 'बागकाम'.

मग टाकीत सगळं होतं, मासे सोडून. आधी जिवाणू वाढायला हवेत. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि त्याला महिना-दीड महिना लागतो. पण त्यांना खायला अमोनिया हवा, म्हणजे काहीतरी कुजायला हवं. स्वस्तातला उपाय एकच, सोललेली कोळंबी. नाना जन्माचे शाकाहारी. तरी पिशवी घेऊन कोळणीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "एक द्या."

"एक वाटा?"

"एक कोळंबी."

कोळणीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घरात कोन आजारी हाय काय, दादा?"

"खायला नकोय. कुजवायचीय."

तिने ती फुकट दिली, वर हात जोडले. नानांच्या संपूर्ण छंदातली ही एकमेव निखळ बचत. पुढचा आठवडाभर माईंनी हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही आणि खालच्या मजल्यावरच्यांनी मेलेल्या उंदराचा शोध घेतला.

मासे घेतानाही नानांनी डाव साधला. नर-मादीची जोडी महाग असते. त्यांनी दोन पिल्लं घेतली, कारण या जातीत दोघांतलं जे थोराड आणि दांडगं होतं ते मादी बनतं. "जोडी आपोआप जमते, वर पैसे देत नाही मी," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. माईंनी एकदा विचारलं, "म्हणजे दादागिरी करेल ती बायको?" नानांनी विषय बदलला.

पाणी बदलण्याच्या दिवशी मात्र ते खचतात. उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं, हे कळल्यावर त्यांना आनंद झाला होता. पण दर पंधरवड्याला पंधरा लिटर पाणी काढून टाकायचं, म्हणजे अर्धा किलोहून जास्त मीठ मोरीत. ते पाणी त्यांनी एकदा कुंड्यांना घातलं. तुळस गेली. ती अजून कुठल्याच खात्यात नाही.

मे महिन्यात टाकी बत्तीस अंशांवर गेली. टाकीवर पंखा लावून दोन अंश उतरले. पुरेना. चिलरची किंमत ऐकून नाना बसले, आणि माई बारा वर्षं मागत असलेला एसी तीन दिवसांत हॉलमध्ये लागला. खातं: 'माईंचा वाढदिवस'. तो नोव्हेंबरात असतो.

पानावर अजूनही बेरीज चौदा हजार आठशे साठ. नाना ती मोठ्या अभिमानाने दाखवतात. परवा दाखवायला पान उघडलं तर खाली माईंच्या अक्षरात नवी ओळ: 'पैठणी, एक.' पुढे आकडा. बजेट पहिल्यांदाच फुटलं होतं.

"अगं, हे माशांचं खातं आहे!"

"रंग नारिंगी आहे तिचा," माई म्हणाल्या, "आणि काठ पांढरा."