लेकुरवाळे बुवा

हे गृहस्थ तुमच्याही भजनी मंडळात असणारच. आमचे शहापूर तालुक्यातले आहेत, एवढाच फरक. भजनाची वेळ रात्री नऊची. साडेनऊला टाळकरी जमतात, पावणेदहाला पखवाज लागतो आणि दहाला बुवा उगवतात. एका हातात पेटी, दुसऱ्या खांद्यावर दीड वर्षाचं पोर. आल्या आल्या पेटी गोधडीवर ठेवायची आणि पोर आमच्यापैकी कुणाच्या तरी मांडीवर. मग घाम पुसत एकच वाक्य: "दोन्ही सांभाळायचं म्हणजे सोपं नाय हो."

आम्ही "खरंय, बुवा" म्हणतो. मांडी ओली होते ती आमची.

बुवांचा कान पक्का आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. इतका पक्का की त्याचा आजूबाजूच्यांना जाच व्हावा. आसनगावला लोकल आली की आपण डब्यात जागा बघतो, बुवा भोंगा ऐकतात आणि म्हणतात, "काळी तीन." मुरबाड डेपोतली एसटी मागे घेताना कंडक्टर शिट्टी मारतो ती पांढरी सात. कुकर काळी पाच, पण दुसऱ्या शिट्टीला उतरतो. मुरबाडला रेल्वे अजून पोचलेली नाही. निवडणुका येतात, सर्वेक्षणं येतात, रेल्वे तेवढी येत नाही. बुवांना त्याचं दुःख नाही. येईल तेव्हा भोंगा काळी दोनचा असावा, एवढीच त्यांची मागणी आहे. ती त्यांनी एका पुढाऱ्याला भर सप्त्यात ऐकवली. पुढाऱ्याने "नक्की प्रयत्न करतो" म्हणून सांगितलं.

पोर झालं तेव्हाची गोष्ट तर तालुक्यात अजून सांगतात. बाहेर बाकड्यावर सगळं गोत बसलेलं. आतून रडणं ऐकू आलं. बुवांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "पांढरी सहा."

सासूबाईंना वाटलं, वजन सांगतायत. त्या म्हणाल्या, "सहा पौंड म्हणजे बरं आहे की!"

मला राहवलं नाही. शोधून पाहिलं तर नवजात बाळाचं रडणं साधारण सेकंदाला चारशे ते पाचशे कंपनांच्या दरम्यान असतं, आणि पेटीतली मधल्या सप्तकातली पांढरी सहा म्हणजे ४४०. माणूस बरोबर होता. माणूस असा दर वेळी बरोबर निघाला की त्याच्याशी दोस्ती ठेवणं कठीण जातं.

तेव्हापासून पोराचा सगळा कारभार पेटीच्या पट्ट्यांवर चालतो. भूक लागली की पांढरी सहा, दात शिवशिवले की पांढरी सात, झोप आली की मंद्र. आपण म्हणावं, "बुवा, पोर कधीचं रडतंय." तर उत्तर येतं, "हो, पण सुरात आहे." म्हशाच्या जत्रेत लोक बैल बघायला जातात, घोंगडी घ्यायला जातात. बुवा पोराला पिपाणी घ्यायला गेले आणि टोपलीतल्या निम्म्या पिपाण्या स्वतः फुंकून नापास केल्या. पिपाणीवाल्याने शेवटी एक फुकट दिली, पण पुढे जा म्हणून हात जोडले.

आणि तो कणकेचा प्रकार. सरळगावच्या बाजूला सप्त्यात आमचा जागर होता. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, ती असेल तरच तो घुमतो. पखवाजी तंबाखू मळायला जरा वळला, तेवढ्यात आमच्या मांडीवरून निसटलेल्या चिरंजीवांनी रांगत जाऊन अर्धी कणीक खाऊन टाकली. गजर सुरू झाला आणि पखवाज घुमायचा सोडून पत्र्यासारखा वाजायला लागला. सगळे थांबले. बायका धावल्या. कुणी पोराच्या तोंडात बोट घातलं, कुणी पाणी आणलं, कुणी घरी कणीक भिजवायला पळालं. बुवांनी पेटीवरचा हात न काढता पखवाजीकडे पाहिलं आणि म्हणाले, "डावं चढलंय तुझं."

पोराला काही झालं नाही. कणीकच ती. दुसऱ्या दिवशी बुवाच सगळ्यांना सांगत होते, "पखवाज याच्या पोटात आहे."

अशा माणसाचं कौतुक होणारच. सप्त्यात हार आधी त्यांना, नारळ आधी त्यांना. बापाने पोर कडेवर घेतलं की गावाला भरून येतं. म्हातारी माणसं म्हणतात, साक्षात विठोबा. स्वतः बुवा विठोबापर्यंत जात नाहीत, मोगूबाईंवर थांबतात. मोगूबाई कुर्डीकरांनी घरातच किशोरीताईंना घडवलं, तसंच आपलं चाललंय, असं त्यांचं म्हणणं. नवरा गेल्यावर मोगूबाईंनी तीन मुलं एकटीने वाढवली आणि जयपूर घराण्याचं अवघड गाणंही सोडलं नाही, हा भाग ते गाळतात. मोगूबाईंचं पोर सांभाळायला कुणी टाळकरी मांड्या घेऊन बसले नव्हते.

एकदा चिडून मी त्यांना विठाबाई नारायणगावकरांची हकीकत ऐकवली. दिवस भरलेले असताना विठाबाई फडात नाचत होत्या, कळा सुरू झाल्यावर रंगमंचामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि लुगडं सावरून पुन्हा लोकांसमोर उभ्या राहिल्या, असं सांगतात. बुवा ऐकून गप्प झाले. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता तरी.

"पोर कुठल्या पट्टीत रडलं असेल हो?" बुवा म्हणाले.

आमच्या तालुक्याची एक गंमत आहे. भातसा आमच्याकडे, तानसा आमच्याकडे. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा. आणि एप्रिल-मे आला की आमच्याच पाड्यांवर टँकर. त्या दिवसांत मी एकदा सकाळी बुवांकडे गेलो होतो. खाली रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. बुवा अंथरुणातूनच म्हणाले, "पांढरी तीन." वहिनी एव्हाना दोन हंडे आणि पोर घेऊन रांगेत पोचल्या होत्या. त्यांना पट्टी माहीत नसावी, वेळ माहीत होती.

बुवांची आई ओसरीवर बसून हे सगळं ऐकत असते. तिच्या काळी पहाटे जातं आणि जात्यावर ओवी, मांडीवर पोर. आपण दोन्ही सांभाळतोय, असं तिला तेव्हा कुणी सांगितलं नाही. मी विचारलं, "बुवांचा कान तुमच्याकडून आला असणार, नाय?" म्हातारी म्हणाली, "मी गायाची नि ह्यो मांडीवर घुरघुरायचा. पीठ मीच दळलं."

वहिनी गातात हे मला उशिरा कळलं. माहेरी, किन्हवलीकडे, बायकांच्या भजनी मंडळात पुढे बसायच्या. लग्न झालं, पोर झालं, बुवांची भजनं वाढली, आणि घरात एकच पेटी. यंदा माहेरच्या मंडळाला मुरबाडच्या स्पर्धेत एक गळा कमी पडला. वहिनींनी कुणाला न विचारता हो म्हणून टाकलं. गाडी माझी होती. मागे वहिनी आणि पेटी, पुढे बुवा आणि पोर. वाटेत भेटेल तो विचारी, "काय बुवा, आज पोर सांभाळायला लागलं काय?" बुवा नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडायचे आणि मिटायचे.

मंडप भरलेला. वहिनींचा नंबर लागला, पेटीवर सूर धरला आणि नेमका त्याच क्षणी पोराने गळा काढला. माझी मांडी तयार होती. बुवांनी ती नाकारली. पोर उचललं आणि मंडपाबाहेर पडले. रस्त्यापलीकडे गेले, आणखी पुढे गेले, पार दिसेनासे झाले. रूपाचा अभंग झाला, गवळण झाली. वहिनींचा आवाज असा काही लागला की शेजारचा पानवाला चुना लावायचा थांबला. बुवांच्या कानांवर त्यातलं काहीही पडलं नाही. मी त्यांना शोधायला गेलो तेव्हा ते एसटी स्टँडच्या मागे येरझाऱ्या घालत होते, सदऱ्याला पोराची लाळ, एका पायात चप्पल नाही.

"अहो, एवढ्या लांब कशाला?"

"हिची काळी चार," बुवा म्हणाले, "आणि याची पांढरी सहा. शेजारच्या पट्ट्या. ऐकू गेलं असतं तर तिचा षड्ज खाल्ला असता त्याने."

मला काय बोलावं सुचेना. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा, आणि फार इच्छा नसताना, मी चहा पाजला.

वहिनी आल्या, गळ्यात हार, हातात उत्तेजनार्थचा नारळ. "ऐकलंत का?"

"काळी चार छान लागली," बुवा म्हणाले.

"आज काळी तीनमध्ये गायले. पहिल्या ओळीलाच उतरवली. इतक्या दिवसांत चढं गायची सवय राहिलीय कुठे?"

बुवांनी पोराकडे पाहिलं, मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"काळी तीन? अगं, मग पोर आत चाललं असतं की. कोमल गंधार लागला असता!"